मागच्या चाकांतलं पाणी

काटेवाल्यांना रिकामं बसणं जमत नव्हतं. खरं तर उभ्या आयुष्यात त्यांनी बसण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. एकतीस वर्षं ते दगडखाणीच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. छोटीशी केबिन, एक खिडकी, खिडकीबाहेर लोखंडी प्लेट. ट्रक प्लेटवर यायचा, हे आकडा बघायचे, चिठ्ठी फाडून द्यायचे, ट्रक जायचा. त्यामुळे त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळ्यांचे ते काटेवाले.

निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि त्यांच्या पायाला भिंगरी लागली. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. न गळणाऱ्या नळाचा वायसर बदलून तो गळका करून झाला. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले. बायकोनं ते एक शब्दही न बोलता पुन्हा होते तसे लावले.

"तेव्हा बसायचा पगार मिळत होता," ती एवढंच म्हणाली. "आता फुकट बसवत नाही तुम्हाला."

त्यांना दोन मुली. धाकटी परगावी नोकरीला. थोरली पाच वर्षं शहरात कुरियरच्या ऑफिसात पार्सलांवर शिक्के मारून कंटाळली आणि एक दिवस बॅग घेऊन घरी आली. मामाचं वय झालं होतं, त्याचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. तिनं तो घेतला, सोबत ट्रॉलीही घेतली आणि भाड्यानं कामं करू लागली. माती, खत, विटा, कुणाची पाण्याची टाकी. सुरुवातीला लोक जरा गमतीनं बघायचे. मग ज्याचं काम वेळेवर झालं त्यानं दुसऱ्याला सांगितलं आणि वर्षभरात तिला मान वर करायला फुरसत राहिली नाही.

सध्या तिच्याकडे टेकडीवरचं काम होतं. वर एका बाईंची रोपवाटिका होती. उताराची माती घसरत होती, म्हणून त्यांना दगडी बांध घालायचा होता. खाणीतून दगड भरायचे आणि कच्च्या रस्त्यानं वर न्यायचे. चाळीस खेपांचं काम.

एका बुधवारी काटेवाले सहज म्हणून तिच्याबरोबर गेले. सहज म्हणजे घरात तिसऱ्यांदा घड्याळाला चावी देऊन झाल्यावर. चढावर ते ट्रॉलीच्या मागून चालत होते. दुसऱ्या वळणावर ट्रॅक्टरचा आवाज बदलला. मागची मोठी चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली, खडी उडून त्यांच्या नडगीला लागली, रबर जळल्याचा वास आला. मग सगळा बोजा, ट्रॅक्टर, ट्रॉली आणि दगड, हळूच दोन हात मागं आला.

काटेवाल्यांनी रस्त्याकडेचा धोंडा उचलून ट्रॉलीच्या चाकामागं टाकला. कसा उचलला ते त्यांनाही कळलं नाही.

थोरलीनं मागं वळून पाहिलं. ती हसत होती. "रोजचंच आहे, बाबा. जरा मागं घ्यायचं आणि पुन्हा दम लावायचा. बाजूला व्हा."

दुसऱ्या दमाला ट्रॅक्टर चढला. काटेवाले तिथंच उभे राहिले.

त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांपुढून ते दोन हात जाईनात. आज दोन हात, उद्या दहा, आणि वळणाच्या खाली तर नुसता कडा. दाढी करताना त्यांना ट्रॉली मागं येताना दिसली आणि हनुवटी कापली. जेवताना थोरली पुढ्यात धडधाकट बसलेली असायची, तरी तिच्याकडे ते असे बघायचे की ती म्हणायची, "बाबा, मी इथंच आहे. पाणी घ्या."

काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरांच्या गप्पा एकतीस वर्षं त्यांच्या कानांवर पडत होत्या. त्यातली एक गोष्ट त्यांना आठवली. ट्रॅक्टर घसरत असेल तर मागच्या टायरांत पाणी भरतात. चाक जड झालं की जमीन धरतं. त्यांना ते एकदम पटलं. वजनाचं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "बघू. हे काम उरकू दे."

"काम उरकल्यावर कशाला?"

"बाबा, बघू म्हटलं ना."

ते दुसऱ्याच दिवशी सायकल काढून मोठ्या रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे गेले. टायरवाला एका ट्रकच्या चाकाशी झोंबत होता. बोलका माणूस, पण सावकाश बोलणारा. एक वाक्य बोलायचा, पाना फिरवायचा, मग पुढचं वाक्य. काटेवाले त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत ऐकत होते.

"चाक जॅकवर घ्यायचं," टायरवाला म्हणाला. "नुसतं टेकलेलं सुटेल एवढंच. बाकीच्या चाकांना दगड लावायचे. मग चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणायचा, अगदी माथ्यावर." पाना फिरला. "आतली पिन काढायची. हवा जाऊ द्यायची, घाई करायची नाही. मग हे निपल." त्यानं खिळ्यांच्या डब्यातून एक पितळी तोटी काढून दिली. तिला एका बाजूला नळी लागत होती आणि कडेला हवा सोडायला बारीक भोक होतं. "पाणी आत गेलं की आतली हवा बाहेर यायला पाहिजे, नाहीतर पाणी जाणारच नाही. व्हॉल्व्हमधून पाणी यायला लागलं की थांबायचं. पाऊण टायर भरलेला असतो तेव्हा. वरच्या पाव भागात हवा मारायची."

"आणि थंडीत गोठलं तर?"

"त्याला पाण्यात घालायचं मीठ वेगळं मिळतं. पण थंडीला अजून अवकाश आहे. सध्या साधं पाणी घाला." त्यानं पाना खाली ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. "पण काका, पुढचं एक लक्षात—"

"कळलं, कळलं," काटेवाले म्हणाले. तोवर त्यांचा एक पाय पेडलवर होता. "सोमवारी तोटी परत आणून देतो."

शनिवारी थोरली मैत्रिणीकडे शहरात गेली. ती फाटकाबाहेर पडायला आणि काटेवाले जॅक घेऊन अंगणात यायला एकच गाठ पडली.

बायको दारात उभी राहिली. "तिला सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

"ती काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

"तिचं बघू म्हणजे नाही असतं. तुमच्यावरच गेलीय." पण तिनं पदर खोचला आणि नळीचं टोक हातात घेतलं. नवऱ्याला एकट्याला सोडलं तर आणखी काय करून ठेवील याचा तिला अंदाज होता.

पुढच्या चाकांना दगड लावून झाले. जॅकखाली जाड फळी ठेवली, दांडा हलवता हलवता काटेवाल्यांना धाप लागली, आणि मोठं चाक जमिनीपासून बोटभर सुटलं. ते दोघांनी मिळून फिरवलं. पिन सैल केली तशी हवा सुटली, मामाच्या काळातली, कोंदट, रबराच्या वासाची. टायरवाल्यानं घाई करू नका म्हटलं होतं ते खरं, पण हवा संपेचना. काटेवाल्यांनी पिनेला आणखी दोन आटे दिले. पिन फट्कन उडाली आणि कुठं गेली ते दिसलंच नाही.

अर्धा तास दोघं अंगणात ओणवी होती. काटेवाले पालापाचोळा उपसत होते, एकेक खडा उलथत होते आणि नव्या पिनेसाठी सायकल काढायच्या बेतात होते. पिन शेवटी बायकोला मिळाली, त्यांच्याच सदऱ्याच्या दुमडलेल्या बाहीत.

"हिला आता माझ्याकडे ठेवते," ती म्हणाली आणि पिन तिनं पदराच्या टोकाला बांधली.

पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं. त्याला जोर नव्हता. नळी जोडली, तोटीच्या भोकातून हवा फुसफुसायला लागली आणि मग बघत बसण्याखेरीज काम उरलं नाही. तेच तर त्यांना जमत नव्हतं. ते टायरला कान लावायचे. बोटानं टकटक करून पाण्याची पातळी कुठवर आली ते बघायचे. जिना चढून टाकीत डोकावायचे आणि खाली येऊन सांगायचे, "चार बोटं उतरलं." मग कागदावर हिशेब. एका चाकात दीडशेच्या वर लिटर, दोन चाकांचे तीनशेवीस धरू, म्हणजे तीनशेवीस किलो, म्हणजे सवातीन क्विंटल. सवातीन क्विंटल हा आकडा त्यांनी बायकोला चार वेळा ऐकवला.

"कळलं," ती म्हणाली. "टाकी रिकामी झाली तर भांडी कशानं घासू ते सांगा."

दुसरं चाक होईपर्यंत उन्हं कलली. व्हॉल्व्हमधून पाण्याची धार काटेवाल्यांच्या तोंडावर आली तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं. पिना बसवल्या, हातपंपानं हवा मारली. एरवी एवढ्या टायरात पंपानं हवा मारणं म्हणजे जीव जायचं काम, पण आता हवेला जागाच थोडी उरली होती. जॅक काढला. ट्रॅक्टर जमिनीवर बसला तो एखाद्या भरल्या पोटाच्या माणसासारखा.

थोरली दिवेलागणीला आली. अंगणातला चिखल बघितला, टायर बघितले, दंडावर ग्रीस माखलेला बाप बघितला.

"काय केलंत?"

"पाणी भरलं. सवातीन क्विंटल."

"मला न विचारता?"

"तू बघू म्हणालीस. मी बघितलं."

तिनं बॅग पायरीवर ठेवली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून आला. "बाबा, तुमच्या केबिनमध्ये येऊन मी कधी काट्याला हात लावला होता का? ट्रॅक्टर माझा आहे. चढ मी चढते. घसरतं ते मला कळतं, कुठवर घसरतं तेही कळतं."

"आणि मला काय कळतं? मागं चालत होतो मी. माझ्या अंगावर येत होतं ते."

"मग मागं चालू नका."

रात्री दोघं समोरासमोर जेवायला बसली. बायकोनं दोघांच्या ताटांत सारखं वाढलं, कुणाची बाजू घेतली असं वाटू नये म्हणून.

पण रविवारी सकाळी थोरलीनं ट्रॅक्टर सुरू केला आणि घरामागच्या भुसभुशीत जमिनीत दगडांनी भरलेली ट्रॉली ओढून पाहिली. एरवी तिथं चाकं रुतून फिरत राहायची. आज फिरली नाहीत. ट्रॅक्टर मुकाट्यानं पुढं गेला, मागं नक्षीसारखे खोल ठसे उमटले. ती उतरली, ठशांकडे बघितलं, आणि बापाच्या शेजारून जाता जाता म्हणाली, "चांगलं धरतंय."

काटेवाल्यांना एवढं पुरलं. त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी पाठ टेकताच झोपले.

सोमवारी सकाळी थोरली टेकडीच्या कामावर गेली. काटेवाले तोटी पुसून, कागदात गुंडाळून टायरवाल्याकडे गेले. टायरवाला चहा पीत होता. आज हात रिकामे होते.

"झालं काम?"

"झक्कास. आता चाक जागच्या जागी फिरत नाही. काल मऊ जमिनीत बघितलं, घसरायचं नाव नाही."

"आणि पुढे किती वजन लावलंत?"

काटेवाले म्हणाले, "पुढे कुठे?"

टायरवाल्यानं कप खाली ठेवला. "पुढच्या बंपरला. लोखंडी प्लेटा लावतात. तेच सांगत होतो मी त्या दिवशी, तुम्ही निघालात." मग त्यानं नेहमीसारखं सावकाशीनं समजावायला घेतलं, आणि काटेवाले जन्मात पहिल्यांदा एका जागी उभे राहून ऐकत राहिले. चढावर मागं बोजा असला की ट्रॅक्टरचं नाक आधीच हलकं होतं. मागची चाकं घसरतात तोवर धोका कमी, कारण जोर घसरण्यात निघून जातो. पण चाकानं जमीन घट्ट धरली आणि मागचा बोजा काही हलेना, तर त्या जोरानं पुढचं उठतं. आणि एकदा उठलं तर ड्रायव्हरला विचार करायला वेळ मिळत नाही.

"सपाटीवर काही नाही हो," टायरवाला म्हणाला. "चढाचं काम नाही ना कुठं?"

काटेवाल्यांनी फोन काढला. रिंग वाजत राहिली. ट्रॅक्टर चालू असताना थोरलीला फोन कधीच ऐकू यायचा नाही, शिवाय तो हत्यारांच्या पेटीत असायचा. त्यांनी पुन्हा लावला. मग फोन खिशात न टाकता हातातच धरून सायकलवर बसले. मागून टायरवाला काहीतरी म्हणत होता.

टेकडीचा पायथा तिथून तीन किलोमीटर. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काटेवाल्यांनी ते अंतर कसं तोडलं हे नंतर कुणी विचारलं असतं तर त्यांना रस्त्यातलं एकही घर सांगता आलं नसतं. डोक्यात एकच आकडा घुमत होता, सवातीन क्विंटल. नळी लावून मीच भरलं. कान लावून ऐकलं. बोटानं टकटक करून बघितलं.

पायथ्याशी पोचले तेव्हा वरून इंजिनाचा आवाज येत होता. भरल्या ट्रॉलीचा, दमलेला, पण एकसारखा. म्हणजे ती पहिल्या वळणाच्या पुढं होती. त्यांनी हाक मारली. इंजिनाच्या आवाजापुढं ती वर पोचणं शक्य नव्हतं. सायकल टाकून ते चढाला लागले. आवाज एकदम जाड झाला, कण्हल्यासारखा, मग क्षणभर मोकळा सुटला, मग धप्प. त्यानंतर दगड गडगडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

ते काहीच नाही सगळ्यात वाईट होतं. काटेवाले दोन्ही हातांनी रस्त्याकडेची झुडपं धरत वर गेले.

दुसऱ्या वळणावर ट्रॉली तिरकी होऊन मातीच्या दरडीत घुसली होती, कड्याच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला. ट्रॅक्टर तिच्याशी काटकोनात उभा होता. पुढचं एक चाक रस्त्यावर, एक चारीत. सीट रिकामी होती.

थोरली ट्रॉलीच्या पलीकडे एका दगडावर बसली होती. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त ओघळून सदऱ्यावर पडलं होतं. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही कसे आलात?"

काटेवाल्यांनी तिचं डोकं, खांदे, हात चाचपून बघितले, ती लहानपणी झाडावरून पडायची तेव्हा बघायचे तसे. मग तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"पुढचं उठलं," ती म्हणाली. "आधी मला वाटलं खड्डा आहे. मग रस्ताच दिसेना, नुसतं आभाळ. मी क्लच दाबला. कसा दाबला ठाऊक नाही. पुढचं आदळलं, तोंड स्टिअरिंगवर बसलं. मग सगळं मागं जायला लागलं, तर मी स्टिअरिंग फिरवून दरडीत घातलं." तिनं ओठ पुसला. "असं कधी झालं नव्हतं. घसरायचं, पण असं कधी नाही."

"ते माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे? कसं?"

"घसरत होतं तेच बरं होतं," काटेवाले म्हणाले. "घसरायचं म्हणून उठत नव्हतं. मी घसरणं बंद केलं. पुढे वजन लावायला पाहिजे होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. तो टायरवाला सांगत होता. मी ऐकायला थांबलो नाही."

खाली कुठंतरी एक गाडी हॉर्न वाजवत गेली. "एकतीस वर्षं एका खुर्चीत बसलात," ती म्हणाली. "आणि दोन मिनिटं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मान फिरवली आणि रडली. काटेवाले तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले, मग ठेवला. तिनं तो झटकला नाही.

सगळ्या चाकांना दगड लावून झाल्यावर त्यांनी ट्रॉली हातानं रिकामी केली. दोघंच. एकेक धोंडा उचलून दरडीच्या कडेला रचायचा. दोन तास लागले. मध्ये एकदा थोरली म्हणाली, "आईला सांगायचं नाही," आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "ओठ कसा लपवणार?"

आईला सांगावं लागलं. तिनं जखम धुतली, कापूस लावला. नवऱ्याला ती रात्रीपर्यंत काहीही बोलली नाही, आणि काटेवाल्यांना वाटलं, बोलली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी थोरली स्वतः टायरवाल्याकडे गेली. वही घेऊन गेली होती. अर्धा तास तिथं स्टुलावर बसून तिनं त्याचं सगळं बोलणं उतरवून घेतलं. परत आली ती ठरवूनच.

"पाणी राहू द्यायचं," ती म्हणाली. "पुढे प्लेटा लावायच्या. ट्रॉलीचा हूक खालच्या भोकात घालायचा, आपला वरच्या भोकात होता; वरून ओढलं की नाक उठतं. आणि चढावर ट्रॉली निम्मीच भरायची. खेपा वाढल्या तर वाढल्या." मग बापाकडे न बघता म्हणाली, "आधी नेमकं वजन बघायला पाहिजे. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. तुमच्या काट्यावर होईल का?"

काटेवाल्यांना वाटलं होतं की आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही. "होईल," ते म्हणाले.

काट्यावर आता एक तरुण माणूस बसत होता. त्यानं केबिनचं दार उघडून "या काका" म्हटलं आणि खुर्ची रिकामी केली. काटेवाले बसले नाहीत. बाहेरच, प्लेटच्या कडेला उभे राहिले. थोरलीनं ट्रॅक्टर पूर्ण प्लेटवर घेतला: दोन हजार तीनशे ऐंशी. मग त्यांनी हात वर करून तिला पुढं घेतलं, बोटाबोटानं, पुढची चाकं प्लेटच्या बाहेर जाईपर्यंत, आणि मागची तेवढी आत ठेवली.

नोकरीत असताना एक चाक जरी प्लेटबाहेर दिसलं तरी ते खिडकीतून ओरडायचे. अर्धी गाडी काट्यावर म्हणजे सरळ चोरी. एकतीस वर्षांत लाखभर गाड्यांचं एकूण वजन त्यांनी सांगितलं होतं. ते वजन गाडीत कुठं बसलंय हे बघायची वेळ कधी आली नव्हती, आणि बघावंसं वाटलंही नव्हतं.

"मागे सोळाशे वीस," खिडकीतून आवाज आला.

"म्हणजे पुढे सातशे साठ," काटेवाले म्हणाले. थोरलीनं वहीत लिहिलं.

पंचवीस किलोच्या आठ लोखंडी प्लेटा आल्या. त्या बंपरला बसवायचं काम थोरलीनं बापाला दिलं. त्यांनी एकेक बोल्ट जीव तोडून आवळला. ते झाल्यावर ती पाना घेऊन बसली आणि आठच्या आठ प्लेटांचे बोल्ट तिनं स्वतः पुन्हा तपासले. काटेवाले बघत राहिले. एरवी त्यांना हे लागलं असतं. आज त्यांनी बोल्टवर टॉर्च धरला.

शुक्रवारी ती परत चढाच्या कामाला निघाली. ओठ अजून सुजलेला होता. "तुम्ही पायथ्याशी थांबा," ती म्हणाली. "वर यायचं नाही, मागून चालायचं नाही. काही झालं तर तुमच्याकडे बघण्यात माझा वेळ जायला नको."

"बरं."

बायकोनं चपला घातल्या. "मीही येते."

"तू कशाला?" काटेवाले म्हणाले.

"घरात बसून काय करू? सकाळपासून एकच खोली दोनदा झाडलीय."

काटेवाल्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांची समजूत होती की घरात जीव टांगणीला लागणारा माणूस एकच आहे. तिच्या हातातला पिशवीचा बंद पिळून पिळून दोरी झाला होता.

पायथ्याशी दोघं उभी राहिली. ट्रॅक्टर निम्म्या ट्रॉलीसह चढाला लागला आणि पहिल्या वळणाआड गेला. मग नुसता आवाज उरला. बायको म्हणाली, "कुठवर गेली असेल?" ते म्हणाले, "दुसऱ्या वळणाला येतेय." इंजिन जड झालं. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं तसा बायकोनं त्यांचा सदरा मागून धरला.

"तिनं थांबा म्हटलंय."

आवाज जड राहिला, तुटला नाही, आणि हळूहळू वरच्या बाजूला सरकत गेला. मग रोपवाटिकेकडून इंजिन बंद झाल्याचं कळलं. वरती दगड उतरत असल्याचे बारीक आवाज. बायकोनं सदरा सोडला. त्या जागी घामाची मूठ उमटली होती.

तासाभरानं थोरली रिकामी ट्रॉली घेऊन खाली आली. इंजिन चालूच ठेवून वाकली. "अजून उभेच तुम्ही दोघं?"

"उठलं का पुढचं?" काटेवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"घसरलं?"

"वळणावर किंचित. एवढं चालतं." तिनं आईकडे बघितलं. "आई, आता घरी जा. अजून कितीतरी खेपा आहेत. रोज उभी राहणार का?"

"मी नाही राहणार," आई म्हणाली. "हे राहतील."

थोरलीनं बापाकडे बघितलं. त्यांचे पाय आताच एका जागी ठरत नव्हते, या पायावरून त्या पायावर चाललं होतं. "दगड भरायला माणूस लागेल खाणीत," ती म्हणाली. "पण मी सांगीन तेवढेच भरायचे. एकही जास्त नाही."

"निम्मी ट्रॉली," काटेवाले म्हणाले.

"निम्मीला जरा कमीच. आणि भरताना बोजा चाकांच्या मधोमध, हूककडे नाही."

"हूककडे का नाही?"

थोरलीनं इंजिन बंद केलं. ती सांगायला लागली, आणि काटेवाले मडगार्डला हात टेकून, पाय हलवत का होईना, शेवटपर्यंत ऐकत राहिले.